आषाढीनंतर रिकामं पडणारं कार्यालय आणि पुरातलं गाव

पंचगंगा-कृष्णेच्या काठच्या गावात 'पूरग्रस्त निवारा' असा फलक लावलेली इमारत बघायची असेल तर मे महिन्यात जावं. दाराला कुलूप, कुलपाला गंज. खिडकीतून डोकावलं तर खताची पोती, मोडक्या खुर्च्या आणि कधीतरी कुणीतरी आणून टाकलेला ब्लीचिंग पावडरचा फुटका ड्रम. किल्ली कुणाकडे? शिपायाकडे. शिपाई राहतो कुठं? खालच्या आळीत. म्हणजे पाणी गावात शिरणार ते आधी किल्लीच्याच घरात.

अशा इमारतीचं बांधकाम बहुतेक वेळा वाईट नसतं. ती पुरासाठीच बांधलेली असते आणि पूर काही दरवर्षी येत नाही, इथंच सगळं बिघडतं. २००५, २०१९ आणि २०२१ हे मोठे पूर धरले तर मधली कितीतरी वर्षं तिथं कुणी फिरकत नाही. नळ गळतो ते कळत नाही, संडासाचं भांडं तडकतं ते कळत नाही, मोटार जळते तेही कळत नाही. कळतं ते आठशे माणसं दारात उभी राहिल्यावर. म्हणून गावानं सामायिक जागेचा विचार सुरू करताना 'निवारा कुठं बांधायचा' हा प्रश्न बाजूला ठेवावा. आपल्या गावात रोज उघडणाऱ्या, रोज झाडल्या जाणाऱ्या उंचावरच्या जागा कोणत्या, हे आधी बघावं.

पंचांगाकडे बघा. आषाढी एकादशीला चातुर्मास लागतो आणि लग्नाचे मुख्य मुहूर्त संपतात, ते थेट तुळशीच्या लग्नापर्यंत. २०१९ ची आषाढी १२ जुलैला होती आणि महापूर ऑगस्टच्या पहिल्या पंधरवड्यात आला. २०२१ ची आषाढी २० जुलैला झाली आणि दोनच दिवसांनी पाणी चढायला लागलं. आपल्याकडचा मोठा पूर येतो तो नेमका मंगल कार्यालय रिकामं असण्याच्या दिवसांत. आणि कार्यालयात काय काय असतं ते आठवा : दोनशे माणसांच्या स्वयंपाकाची भांडी, मोठ्या शेगड्या, पाण्याची टाकी, चार-सहा संडास, जनरेटर ठेवायची जागा, वधूपक्षाची एक आणि वरपक्षाची एक अशा आतून कडी लागणाऱ्या खोल्या. पुराच्या निवाऱ्याची यादी करायला बसलं तर याहून फार वेगळी होत नाही. वर्षातले सात-आठ महिने भाड्याचे पैसे येतात, त्यातून रंगरंगोटी आणि नळदुरुस्ती होते. ग्रामपंचायतीनं कार्यालय बांधायला घेतलं असेल तर ते पूररेषेच्या वर आणि या दुहेरी हिशेबानंच बांधायला हवं. खाजगी असेल तर मालकाशी जूनमध्येच लेखी बोलणं करून ठेवावं : किती दिवस, विजेचं बिल कुणी भरायचं, फुटतूट कुणी भरून द्यायची. पाणी आल्यावर हे बोलणं होत नाही.

आता जागेचा हिशेब, कारण इथं सगळ्यांचाच अंदाज चुकतो. राष्ट्रीय आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाच्या किमान निकषांत निवाऱ्यात माणशी ३.५ चौरस मीटर छपराखालची जागा धरली आहे. गावातलं १,२०० चौरस फुटांचं समाजमंदिर म्हणजे साधारण १११ चौरस मीटर. भागाकार केला तर ३२ माणसं. सरपंचाला विचारा, 'दोनशे तरी मावतील' म्हणतील. मावतील, पण बसून आणि एका रात्रीपुरती. कोल्हापूर जिल्ह्यातल्या शिरोळ तालुक्याकडे पाणी एकदा चढलं की आठवडा-आठवडा उतरत नाही. शाळेची ५०० चौरस फुटांची खोली तेरा माणसांची. दोनशे माणसांना धड आडवं व्हायचं असेल तर साडेसात हजार चौरस फूट लागतात, आणि एवढी एकच जागा बहुतेक गावांत नसते. म्हणून एक इमारत शोधण्यापेक्षा जागांची साखळी करावी. शाळेत बाळंतिणी, लहान मुलं आणि आजारी माणसं. कार्यालयात स्वयंपाक आणि बाकीची कुटुंबं. देवळाच्या सभामंडपात धान्याचा साठा. दूध संस्थेत पाणी आणि नोंदवही. तालमीत बोटीवर जाणारी पोरं, दोर, बॅटऱ्या.

दूध संस्थेचं नाव मुद्दाम घेतलं. आराखडा काढायला आलेली माणसं शाळा बघतात, देऊळ बघतात आणि दूध संस्थेच्या पुढून निघून जातात. कोल्हापूर-सांगलीच्या गावात पहाटे आणि संध्याकाळी, वर्षाचे ३६५ दिवस उघडणारी हीच एक जागा आहे. तिच्या सचिवाला प्रत्येक घरात किती जनावरं आहेत ते तोंडपाठ असतं. तिथं वजनकाटा असतो, झाकणाचे ४० लिटरचे कॅन असतात आणि बायका दिवसातून दोनदा हक्कानं येतात. रस्ते बंद झाले की दुधाची गाडी येत नाही, कॅन रिकामे पडतात आणि दूध वाया जातं. तेच कॅन पाण्याला आणि तेच दूध निवाऱ्यातल्या पोरांना, एवढं आधी ठरवून ठेवायचं.

पातळी आधी, नकाशा नंतर

कोणती जागा 'उंच' यावर गावात हमखास वाद होतो. तो मापानं मिटवता येतो आणि मापाला इंजिनिअर लागत नाही. गवंड्याकडची लेव्हलची पारदर्शक नळी पुरते, पन्नास फूट असली तर उत्तम. त्यात नीळ घातलेलं पाणी भरायचं. बुडबुडा राहिला की माप चुकतं, म्हणून नळी उभी धरून बोटानं टिचक्या मारत हवा काढायची. एक टोक पुराच्या खात्रीच्या खुणेवर, दुसरं टोक पुढच्या भिंतीवर. दोन्ही टोकांवरचे अंगठे काढायचे, पाणी स्थिर होऊ द्यायचं, खडूची रेघ मारायची. मग पहिला माणूस पुढं जातो. असं टप्प्याटप्प्यानं शाळेपर्यंत जायचं आणि दुसऱ्या वाटेनं त्याच खुणेवर परत यायचं. परत आल्यावर फरक एका इंचाच्या आत असेल तर माप धरावं, जास्त आला तर कुठंतरी बुडबुडा होता.

खूण निवडताना एक काळजी घ्यावी. भिंतीवर दिसणारी ओल ही पाण्याची पातळी नव्हे. विटा आणि गिलावा पाणी वर ओढतात, त्यामुळे ओलीचा डाग खऱ्या पातळीच्या फूटभर वरही दिसतो. गाळाची रेघ खरी. नाहीतर 'खिडकीच्या कट्ट्याला पाणी टेकलं होतं' अशी तीन वेगवेगळ्या घरांतली आठवण एकमेकींशी ताडून घ्यावी. आणि सगळ्यात मोठा पूर २०१९ चाच होता असं गृहीत धरू नये. कोल्हापुरात राजाराम बंधाऱ्यावर २०१९ ला पाणी ५५ फूट ७ इंचांवर गेलं होतं, २०२१ ला ५६ फूट ३ इंचांवर. सांगलीत आयर्विन पुलाजवळ मात्र २०१९ च वरचढ, ५७ फुटांच्याही पुढं. तुमचं गाव कुठल्या नदीवर, संगमाच्या वर की खाली, त्यावर कोणती रेघ धरायची ते ठरतं. जोत्याची पातळी त्या सर्वांत वरच्या रेघेहून निदान दोन फूट वर हवी. तेवढी उंच जमीनच नसेल तर इमारत खांबांवर उचलायची. खाली दूध संस्था किंवा बाजारकट्टा, वर माणसं.

दुसरं काम या रेघांना नदीवरच्या आकड्यांशी जोडण्याचं. राजाराम बंधाऱ्याची इशारा पातळी ३९ फूट आणि धोका पातळी ४३, आयर्विनची अनुक्रमे ४० आणि ४५. हे आकडे मोबाइलवर सगळ्यांना येतात, पण त्यांचा आपल्या गावात अर्थ काय हे कुणी लिहून ठेवत नाही. म्हाताऱ्यांना आणि नदीकाठच्या मोटारवाल्यांना बसवून एक तक्ता करावा : बंधाऱ्यावर ४१ असताना आपल्या स्मशानभूमीत पाणी, ४३ ला खालच्या आळीचा रस्ता बंद, ४६ ला शाळेचं मैदान. (हे आकडे नमुन्याचे आहेत, तुमचे तुम्हालाच काढावे लागतील.) शेजारी आणखी एक रकाना हवा : तिथली पातळी इथं पोचायला किती तास लागतात. राधानगरी धरणाचा एक स्वयंचलित दरवाजा उघडला की १,४२८ क्युसेक पाणी सुटतं. असे सात दरवाजे आहेत. ते पाणी आपल्या घाटावर किती तासांनी दिसतं हे घाटावर रोज बसणाऱ्याला ठाऊक असतं. हा तक्ता ऑइलपेंटनं दूध संस्थेच्या भिंतीवर रंगवायचा. कागदावरचा पावसाळ्यात सापडत नाही.

शिरोळच्या बाजूला एक गंमत होते, खरं तर गंमत म्हणू नये. तिथं ऊन पडलेलं असतं आणि पाणी चढत असतं, कारण पाऊस घाटमाथ्यावर पडतो आणि पाणी धरणातून येतं. 'पाऊस उघडलाय, आता कशाला हलायचं' म्हणून थांबलेली घरं यातच अडकतात. तक्त्यावर पावसाचा उल्लेखच नको, फक्त पातळी असावी.

कोण कुठं गेलं होतं

आराखड्यासाठी बैठक बोलावली की पार भरतो. पुरुष बोलतात, दोघं-तिघं तावातावानं बोलतात आणि ठराव होतो. ही बैठक घ्यावीच, पण माहिती तिथं मिळत नाही. माहिती मिळते ती घरोघर एकच प्रश्न विचारल्यावर : २०१९ ला पहिल्या रात्री तुम्ही कुठं झोपलात? कुणी पाव्हण्यांकडे, कुणी शेजारच्या दुमजली घरात, कुणी शाळेच्या व्हरांड्यात, कुणी ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत, आणि कुणी माडीवरच राहिलं, कारण खाली म्हैस होती. या उत्तरांवरून निवाऱ्यात खरोखर येणारी घरं किती ते कळतं. सोबत तीन रकाने भरून घ्यायचे : जनावरं किती, रोजची औषधं कोणती (डायलिसिस, इन्सुलिन, दमा), आणि जुलै-ऑगस्टात कुणाचे दिवस भरत आलेत का. तिसरा रकाना दर जूनमध्ये आशाताईंकडून नवा करून घ्यावा लागतो.

बायकांची बैठक वेगळी आणि दुपारी दोन ते चारमध्ये घ्यावी. त्यांच्या यादीत वरच्या नंबरावर येणाऱ्या गोष्टी पुरुषांच्या यादीत नसतातच : संडासाच्या वाटेवर दिवा, आतून लागणारी कडी, अंघोळीला आडोसा, पॅड टाकायला झाकणाचा डबा, ओले कपडे वाळत घालायला छपराखाली दोरी. शेवटची गोष्ट किरकोळ वाटते. आठ दिवस ओल्या लुगड्यात राहून बघावं म्हणजे कळतं.

आणि आळीवार विचारावं, कारण सगळ्यांची जागा म्हटली की सगळे तिथं जातातच असं नाही. देवळाचा सभामंडप वरच्या आळीला आपला वाटतो, नदीकडच्या वस्तीला वाटेलच असं नाही, आणि सखल जागेवर बहुधा तीच वस्ती असते. 'आमच्या गावात तसलं काही नाही' हे उत्तर मी हिशेबात धरत नाही. मागच्या पुरात त्या वस्तीतली माणसं मंडपात झोपली की व्हरांड्यात, एवढंच बघावं. उपाय भाषणानं होत नाही, स्वयंपाकाच्या पाळीपत्रकानं होतो. रोजच्या स्वयंपाकात प्रत्येक आळीतली दोन माणसं, वाढायला दुसऱ्या आळीची, आणि हे पाळीपत्रक ठरावाचा भाग. ज्यांना ते मान्य नाही ते निदान मेमध्ये तोंड उघडतात, ऑगस्टमध्ये नाही.

म्हैस आधी, मग माणूस

निवारा रिकामा राहतो आणि माणसं पाण्यात राहतात, याचं सर्वांत मोठं कारण गोठ्यात असतं. दोन म्हशी म्हणजे त्या घराची महिन्याची मिळकत. त्यांना सोडून माणूस बोटीत चढत नाही, आणि चढायला हवं असं त्याला सांगणाऱ्याकडे म्हशीची सोय नसते. मग पाणी छातीला लागल्यावर घाई होते, आणि घाईत बोटीत वजन जास्त होतं. ८ ऑगस्ट २०१९ ला सांगली जिल्ह्यातल्या ब्रह्मनाळला बोट उलटून माणसं गेली. तेव्हा बोटीची पाळी येण्याआधी, रस्ता कोरडा असताना, जनावरं निघाली पाहिजेत. ती निघाली की माणसं आपसूक मागं जातात.

एका म्हशीला उभं राहायला-बसायला साधारण चार चौरस मीटर लागतात. तीनशे जनावरं धरली तर १,२०० चौरस मीटर, म्हणजे पाव एकराहून थोडं जास्त (एक एकर म्हणजे सुमारे ४,०४७ चौरस मीटर), पण वाट, वैरण आणि शेणाची जागा धरून अर्धा एकर तरी उंच जमीन हवी. गायरान असेल तर उत्तम. ते कुणाला वापरायला देण्याचे अधिकार जिल्हाधिकाऱ्यांकडे असतात, म्हणून तात्पुरत्या छावणीसाठीही ठराव आणि अर्ज आधीच गेलेला बरा. उंचावरचं गुऱ्हाळघर ही दुसरी हाताशी असलेली जागा. गुऱ्हाळं दसऱ्यानंतर पेटतात, पावसाळ्यात पत्र्याची ती लांबलचक शेड रिकामी असते.

नुसत्या कोरड्या वैरणीवर ठेवायचं तर जनावराला दिवसाला आठ किलो धरा. तीनशे जनावरांना रोज २,४०० किलो, आठ दिवसांना १९ टन. एवढा कडबा कुणी साठवत नाही आणि हिरवी वैरण तर सगळी पाण्याखाली. त्यामुळे मुरघासाच्या (हवाबंद मुरवलेल्या हिरव्या वैरणीच्या) बॅगा कामाला येतात : एप्रिल-मेमध्ये मका कापून भरल्या तर पुरापर्यंत तयार असतात, आणि पूर आला नाही तर गोठ्यातच संपतात, पैसे अडकत नाहीत. घरटी ठरावीक बॅगा उंचावर ठेवायच्या, बॅगेवर ज्याचं त्याचं नाव. 'गावाची सामायिक वैरण' अशी कल्पना ऐकायला छान, पण पहिल्याच दिवशी भांडणं होतात. पाणी जनावराला रोज पन्नास-साठ लिटर. घटसर्प आणि फऱ्याची लस पावसाळ्याआधीच टोचून घ्यावी, कारण छावणीत दाटीवाटीनं उभ्या असलेल्या जनावरांत रोग झपाट्यानं फिरतो.

इमारतीला जनावरांसाठी उतार करायचा असेल तर आठास एक, म्हणजे तीन फूट चढायला चोवीस फूट लांबी. चाकाच्या खुर्चीसाठी बारास एक, छत्तीस फूट. दोन्ही वेगळे करावेत, शेणानं निसरड्या झालेल्या उतारावर खुर्ची जात नाही. आणि गवंडी हमखास उतार घोटून गुळगुळीत करतो, त्याला ते चांगलं काम वाटतं. ओल्या कोब्यावर म्हशीचा खूर सरकला की ती बसते, आणि बसलेली म्हैस वाट अडवते. काँक्रीट ओलं असतानाच आडव्या खोल रेघा ओढून घ्याव्यात, हाताएवढ्या अंतरावर.

नळ, संडास, बॅटरी

निवारा सोडून लोक तिसऱ्या दिवशी जातात ते संडासामुळे. निकष तीस माणसांना एक असा आहे, म्हणजे दोनशे माणसांना सात. पण संख्येपेक्षा उंची महत्त्वाची. संडास बहुधा इमारतीच्या मागं, जोत्याच्या खाली बांधलेले असतात. सेप्टिक टाकी पाण्याखाली गेली की भांड्यातून घाण उलटी वर येते. शोषखड्डा तर भरलेलाच असतो, टाकीतून पाणी बाहेर जायला जागाच उरत नाही. म्हणजे आठ दिवस सगळं टाकीतच साठवावं लागतं. टमरेलानं वापरलं तर माणशी दिवसाला पाच लिटर, दोनशे माणसांचे हजार, आठ दिवसांचे आठ हजार लिटर. टाकी तेवढी, पूररेषेच्या वर, आणि मे अखेरीस उपसलेली हवी. अंघोळीचं आणि भांड्यांचं पाणी त्या टाकीत चुकूनही सोडायचं नाही, नाहीतर ती दोन दिवसांत भरते.

पाणी पिण्याला माणशी तीन लिटर आणि वापराला पंधरा. दोनशे माणसांना रोज ३,६०० लिटर, आठ दिवसांना जवळजवळ २९ हजार. महावितरणचा ट्रान्सफॉर्मर बुडायला लागला की वीज बंद करावीच लागते आणि मोटार बंद पडते. म्हणून इशारा पातळीला पोचताच सगळ्या टाक्या काठोकाठ भरायच्या, हे काम एका माणसाच्या नावावर. छपराचं पाणीही धरता येतं : शंभर चौरस मीटर छपरावर २० मिलिमीटर पाऊस पडला की दोन हजार लिटर, गळती जाऊन सोळाशे तरी. पहिला पाऊस सोडून द्यायचा. हे घाटाकडच्या गावांना चालेल, शिरोळला त्यावर विसंबू नये.

टीसीएल (ब्लीचिंग) पावडर हजार लिटरला पाच ग्रॅम हे जलसुरक्षकाला पाठ असतं, पण ४० लिटरच्या कॅनला किती यात घोळ होतो. चिमटीनं टाकलं तर पाणी एकदा बेचव आणि एकदा निष्प्रभ. सोपा मार्ग : एक लिटर पाण्यात तीस ग्रॅम पावडर नीट कालवून ठेवावी, गाळ खाली बसू द्यावा, वरचं नितळ पाणी घ्यावं. एका कॅनला त्यातलं सात मिली, म्हणजे चहाचा दीड चमचा. अर्धा तास थांबून क्लोरीन तपासायच्या ओटी द्रावणानं बघायचं, पिवळटपणा आला तर ठीक. नाही आला तर पावडर जुनी आहे, उघड्या पोत्यातली पावडर दमट हवेत लवकर उतरते. हे मूळ द्रावण प्लॅस्टिकच्या बाटलीत आणि रोज ताजं. आणि पाणी गढूळ असेल तर आधी तुरटी, मग क्लोरीन. उलटं केलं तर क्लोरीन गाळातच खर्च होतो.

विजेच्या बाबतीत आशा कमी ठेवावी. १२ व्होल्ट १५० अँपिअर-तासाची बॅटरी म्हणजे १,८०० वॅट-तास, पण निम्म्याहून खाली उतरवली तर ती लवकर मरते. हातात ९०० उरले. नऊ वॅटचे चार दिवे रात्रभर दहा तास लावले की ३६० गेले. राहिलेल्यात पस्तीसेक फोन चार्ज होतात. म्हणजे घराला एक फोन, तोही पाळीनं. सोलर पॅनेल आहे म्हणून निवांत राहणाऱ्यांनी ऑगस्टमधलं ढगाळ आकाश आठवावं.

किल्लारीतून शिकलेलं

सामायिक जागा बाहेरच्यांनी आखली की काय होतं ते बघायला मराठवाड्यात जावं. ३० सप्टेंबर १९९३ ला, विसर्जनाच्या रात्रीनंतर पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी किल्लारीचा भूकंप झाला. पुनर्वसनात ५२ गावं नव्या जागी हलवली गेली. घरं जमिनीच्या मालकीनुसार : २५०, ४०० आणि ७५० चौरस फूट. आखणी बहुतांश चौकटीची, रुंद सरळ रस्ते, मोठे प्लॉट. दगडी भिंती आणि माळवदाखाली (मातीच्या जाड सपाट छपराखाली) माणसं गाडली गेल्यावर मोकळ्या जागेची ओढ समजण्यासारखी होती, लोकांनाही तेव्हा तेच हवं होतं. पण गल्ली गेली तसं ओट्यावरून समोरच्या ओट्याशी बोलणंही गेलं. समाजमंदिर आराखड्याच्या मध्यावर आलं, आणि गावाचा मध्य मात्र जिथं सावली आणि चहा तिथंच राहिला.

त्याच कार्यक्रमातलं दुसरं चित्र जास्त उपयोगाचं आहे. जी गावं हलवली नाहीत तिथं घरं जागेवरच दुरुस्त आणि मजबूत करायची होती. हजारावर गावांत महिला मंडळांना 'संवाद सहायक' नेमलं गेलं, स्वयम शिक्षण प्रयोग ही संस्था त्यामागं होती. माळवदावरची माती कमी करणं, जुन्या भिंतीत आरपार जोडदगड बसवणं, भिंतींच्या माथ्यावरून काँक्रीटचा पट्टा फिरवणं, अनुदानाचे टप्पे, हे सगळं बायका घरोघर समजावून देत होत्या आणि गवंड्याच्या कामावर लक्ष ठेवत होत्या. २००१ ला कच्छमध्ये भूकंप झाला तेव्हा लातूर-उस्मानाबादच्या बायका तिथल्या बायकांना हेच सांगायला गेल्या. देखरेख शिकलेला माणूस गावातच राहतो, इंजिनिअरची बदली होते.

जपानमध्ये २०११ च्या त्सुनामीनंतर तोयो इतो या वास्तुविशारदानं सेंदाईच्या तात्पुरत्या वसाहतीत एक लहानसं लाकडी 'सर्वांचं घर' उभं केलं, राहणाऱ्यांशी बोलून. जेमतेम चाळीस चौरस मीटर. त्यात काय होतं? पुढं रुंद पडवी, आत एक मोठं टेबल आणि शेगडी. आपल्याकडे अशा पडवीला सोपा म्हणतात. निवाऱ्याच्या नकाशात तो पहिल्यांदा कापला जातो, 'वाया जाणारी जागा' म्हणून. म्हातारी माणसं दिवसभर कुठं बसणार हे विचारून मग कापावा.

ठराव, पैसा, किल्ल्या

या सगळ्याला ग्रामसभा १ मेची धरावी. १५ ऑगस्टच्या ग्रामसभेत पुराचा विषय येतो तेव्हा सभाच पुरात असते. ठरावात तीन गोष्टी नावानिशी : कोणती पातळी आली की कोणती जागा उघडायची, प्रत्येक जागेच्या तीन किल्ल्या कुणाकडे (तिघं वेगवेगळ्या आळीतले, त्यातली एक बाई, आणि तिघांचीही घरं पूररेषेबाहेर), आणि खर्चाला हात कुणी घालायचा. संडास आणि पाण्याची टाकी वित्त आयोगाच्या बंधित निधीत, म्हणजे पाणी-स्वच्छतेसाठीच राखलेल्या पैशात बसते. पंधराव्या आयोगात हा वाटा ६० टक्के होता आणि बऱ्याच गावांचा पडून राहिला होता. इमारतीला आमदार निधी किंवा जिल्हा नियोजनाकडे जावं लागतं, तिथं नमुना नकाशा पुढं केला जातो. नमुना घ्यावा, पण जोत्याची उंची आणि संडासाची जागा आपल्या खडूच्या रेघेनुसार बदलून घेतल्याशिवाय काम सुरू होऊ देऊ नये. जूनमध्ये एकदा, न सांगता, रात्री दहाला 'उघडा' म्हणून निरोप द्यावा आणि घड्याळ लावावं. पहिल्या वेळेला अर्धा-पाऊण तास जातो, बहुतेक वेळ किल्ली शोधण्यातच.

पाणी उतरल्यावर ही जागा बंद करायची घाई करू नये, खरं काम तेव्हा सुरू होतं. तलाठ्याचा पंचनामा तिथं बसून झाला तर कुणाचं घर राहिलं ते सगळ्यांसमोर कळतं. भिजलेल्या सातबारा-रेशनकार्डांच्या नकला, बँकेचे अर्ज, घरोघर गाळ काढायला फावडी आणि पंप, यांची वही तिथंच. बाहेरून येणाऱ्या मदतीला दारातच यादी दाखवायची : झाडू, फिनेल, ताडपत्री, शाळेच्या वह्या, अंतर्वस्त्रं (नवी). जुने कपडे नकोत असं मोठ्या अक्षरात लिहावं, नाहीतर तुम्हाला एक खोली कपड्यांच्या ढिगालाच द्यावी लागते, आणि तो ढीग ओला होऊन कुजतो.

राहिली भांडी. कार्यालयाची, देवळाची, मंडळाची आणि घराघरांतून आलेली पातेली पहिल्याच दिवशी एकत्र होतात, आणि पूर ओसरल्यावर आठवडाभर त्यावरून कुरबुर चालते. त्यावर नावं घातलेली असतात, पण काजळीखाली ती वाचता येत नाहीत. आणताना प्रत्येक पातेल्याच्या कानाला रंगीत तार गुंडाळावी, आळीला एक रंग, आणि वहीत आकडा. परत देताना राखेनं घासून, मोजून द्यावी.